तोफ उतारावर

३ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

अ. उ. आ. आशीर्वाद तीन अक्षरांत आटपले म्हणून तोंड वाकडं करू नकोस. माझा एक हात चमच्यात गुंतला आहे आणि उरलेल्या हाताने हे लिहिते आहे.

यांना घरी आणलं त्याला आज बारा दिवस झाले. उजवं अंग आणि वाचा दोन्ही गेल्याचं तू इस्पितळात पाहिलंसच. चेहरा आता थोडा सरळ झाला आहे, पण कूस बदलायला माणूस लागतं, आणि ते माणूस मी. अडुसष्टाव्या वर्षी मी वजन उचलण्याच्या स्पर्धेत उतरले आहे, दिवसातून आठ फेऱ्या. पाठ रोज नव्या ठिकाणी दुखते, त्यामुळे कंटाळा येत नाही.

पत्राचं कारण वेगळं आहे. यांना झटका यायच्या आधी तू टाकलेलं पत्र टपालात रखडून परवा पोचलं. त्यात बाकी काही नाही, फक्त तुमच्या लढाईच्या खेळातली तुझी चाल : कुंपणीचं घोडदळ पडक्या दरवाज्याकडे निघालं. मी ते सहज मोठ्याने वाचलं. यांनी डावा हात उचलला आणि जेवणाच्या टेबलाकडे दाखवलं. मी खुर्ची ढकलत तिकडे नेली. यांनी एका बोटाने आपले तीन स्वार सरकवत सरकवत एकट्या झाडाच्या मागे नेले. मी पट्टीने मोजलं, सहा इंच. तेव्हा लिहून घे : किल्लेदाराचे तीन स्वार एकट्या झाडामागे, तिथल्या दोन पलटणींजवळ.

वीस वर्षं ज्या खेळाने माझं जेवणाचं टेबल अडवलं तो मी आत्ता पहिल्यांदा नीट पाहिला. हिरव्या कापडाखाली पुस्तकं घालून केलेल्या टेकड्या, काचेच्या पट्टीची नदी आणि दोन्ही काठांवर इंचभर उंचीचे शिपाई, एकीकडे तुझी कुंपणी म्हणजे कंपनी सरकारची फौज, दुसरीकडे यांचा किल्लेदार. ते तू तुझ्या कवळ्यांच्या साच्यांत ओतलेस हे सांगायला नको, कुंपणीची सगळी पलटण दात दाखवते आहे. पण नियमांची वही वाचली आणि माझं डोकं फिरलं. देशी फौजेच्या धीराच्या फाशातून एक वजा! का रे? किल्लेदाराची माणसं आईच्या पोटातून भित्री आली का? कॉन्व्हेंटमध्ये आमच्या इतिहासाच्या सिस्टर असंच शिकवायच्या, की गोरा शिपाई जागेवर उभा राहतो आणि आपला पळतो. मी तेव्हा उभं राहून विचारलं होतं, तर तासभर बाकावर उभी केली. पळाले नाही.

आता खरी गोष्ट. आपली कन्या कारखान्यात माणसांच्या पाळ्या लावते, तसं तिने मलाही चौकोनात बसवायला घेतलं आहे. तिचं म्हणणं असं की बाबांना कळत असेल तर त्यांचा शब्द राहू दे. घराबाहेर मरणार नाही असं ते नेहमी म्हणायचे. पण कळत नसेल तर त्यांना ही खोली काय आणि शुश्रूषागृहातली काय, सारखीच, आणि आई उगाच मोडते आहे. डॉक्टर म्हणाले की चार-पाच महिन्यांत चित्र स्पष्ट होईल. शेवटी जूनच्या मध्यापर्यंत मुदत ठरली. तोपर्यंत यांना कळतं हे मी दाखवायचं, नाहीतर हे जाणार. त्या सहा इंचांकडे मी कशी पाहते ते आता तुला समजेल.

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढव म्हणत नाही, तुला झेपायचा नाही.

तुझी
ताई


१४ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली की इतक्या वर्षांत तिने मला शिपायांपायी रडताना पहिल्यांदाच पाहिलं. स्वार झाडामागे! अगदी भावजी. समोरून कधी येणार नाहीत, आडोसा धरून दम खात बसतील आणि आपण कंटाळून पुढे गेलो की मागून गाठतील. मोजणी खात्यात जन्म काढलेला माणूस. जमीन पाहिल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

तू आता लिहिणारी झालीस तर रीत सांगून ठेवतो. दोघांकडे एकसारखं टेबल आहे. पटावर चौकोन नाहीत, कारण भावजींच्या मते जमिनीला चौकोन नसतात. म्हणून कुठून किती इंच ते लिहायचं. फासे ज्याचे त्याने आपल्या घरी टाकायचे आणि पडेल ते खरं कळवायचं. दुसरा बघायला नसतो, म्हणूनच खरं कळवायचं.

त्या एक वजाचं पाप माझ्या माथी मारू नकोस. मूळ पुस्तक परदेशी आहे. मी दुसऱ्याच वर्षी तो नियम काढू म्हटलं होतं, भावजींनीच ठेवायला लावला. एक वजा करूनही किल्लेदार जिंकला की कुंपणीला जास्त झोंबतं, असं त्यांचं म्हणणं. आणि झोंबतंच. बावीस लढायांत चौदा त्यांच्या.

माझी चाल : गोरी पलटण नदीकाठाने आठ इंच पुढे, तोफेचा हत्ती तिच्या मागे. भावजींना सांग की हत्तीचा एक सुळा तुटला होता, तो मी एका बाईंच्या दाढेतून उरलेल्या मालाचा नवीन बसवला. त्यांना हसू येईल.

पाठीला जप. माणूस ठेव म्हटलं तर तू मला खाशील म्हणून म्हणत नाही, पण म्हटलं असं समज.

लोभ तुझ्याकडून मागायची हिंमत नाही, रागाबरोबर येईल तो पुरे.

तुझा
बारक्या


२० मार्च

चि. बारक्यास,

अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला. यांच्या कमरेला फोड येईल की काय अशी धास्ती होती, म्हणून दर दोन तासांनी कूस बदलत होते. घड्याळ लावते आणि घड्याळाच्या आधी जागी होते. काल उशी देताना मीच यांच्या अंगावर पडले. पाच मिनिटं तशीच पडून राहिले, कारण उठायचं कसं ते सुचेना. हे छताकडे पाहत होते. असो. आला नाही फोड.

कन्येचा फोन रोज संध्याकाळी साडेसहाला येतो. उंटावरून शेळ्या हाकणं तिला छान जमतं. काय खाल्लं, किती झोपले, काही बोलले का. मी तिला सांगितलं की तुझे वडील चांगले असतानाही दिवसाला अकरा शब्द बोलायचे, आता ते वाचवून ठेवताहेत. ती हसली नाही. पूर्वी हसायची.

यांना चाल सांगणं सोपं जावं म्हणून मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत शब्द लिहून तक्ता केला आहे : तोफ, स्वार, पलटण, नदी, झाड, दरवाजा, उतार, पुढे, मागे. हे शब्दांवर बोट ठेवतात, मी लिहून घेते. कोर्टात तीस वर्षं हेच केलं, फक्त तिथे साक्षीदार घाम पुसायचे.

चाल : यांनी आता बसून राहायचं सोडलं आहे. दोन पलटणी झाडामागून बाहेर काढून सरळ तुझ्या गोऱ्यांवर घातल्या. धीराचा फासा दोन पडला, एक वजा केला, एक उरला. एक पलटण पळाली. पडलं तेच लिहिलं आहे. शिवाय तोफ उतारावर लावली, दरवाज्यापासून पाच इंचांवर. तिथून खाली तुझ्या रसदीच्या गाड्या सगळ्या दिसतात, आता बस बोंबलत.

यांचा खेळ पूर्वीपेक्षा धीट झाला आहे असं मला वाटतं. हे तू तुझ्या भाचीच्या कानावर घातलंस तर वावगं होणार नाही.

लोभ आहेच. असण्याखेरीज त्याला दुसरं काम काय?

तुझी
ताई


२९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तू अंगावर पडलीस ते बायकोला वाचून दाखवलं. तिला लगेच निघायचं आहे. तू आधी नको म्हणशील, मग आल्यावर तिला भांडी घासू देणार नाहीस, हे तिला माहीत आहे. तरी येते म्हणते.

चाल मांडायला बसलो आणि एका जागी अडलो. तोफ उतारावर म्हणजे पाण्यात का? पाण्यातून तोफ डागता येत नाही, दारू भिजते. आणि पाण्यातून माझ्या गाड्या दिसायच्या कशा? हा शब्द भावजींनी दाखवला की लिहिता लिहिता तू घातलास? एवढं सांग म्हणजे तोफ ठेवतो. तोवर ती मी खिडकीत ठेवली आहे, कुंपणीच्या आणि किल्लेदाराच्या दोघांच्याही हद्दीबाहेर.

लोभ असावा, आणि उत्तरात शिव्या असल्या तरी चालतील.

तुझा
बारक्या


९ एप्रिल

चि. बारक्यास,

अ. उ. आ. देते, पण आखडत्या हाताने.

पाण्यात कशाला? टेकडीच्या उतारावर, जिथे जगातला कुठलाही शहाणा माणूस तोफ लावेल तिथे. आणि शब्द मी घातला का असं विचारतोस? तीस वर्षं माझ्या टिपणांवर न्यायाधीशांनी निकाल दिले, कोणी एका शब्दाला बोट लावलं नाही. साक्षीदार आई म्हणाला तर मी माता लिहिलं नाही. शब्द यांचा आहे. यांनी स्वतः डाव्या हाताचं बोट ‘उतार’वर ठेवलं, मी दोनदा विचारून खात्री केली. झालं समाधान?

आणखी एक. यांनी तो एक वजाचा नियम रद्द केला आहे. तक्त्यावर मी ‘हो’ आणि ‘नाही’ लिहिलं आहे. काढायचा का असं विचारलं, यांनी ‘हो’वर बोट ठेवलं. यापुढे किल्लेदाराच्या माणसांचा धीर जेवढा फाशात पडेल तेवढा.

कन्या परवा येऊन गेली. यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि लहान मुलाशी बोलावं तसं बोलली. मी तिला म्हटलं की हे बहिरे नाहीत, आणि वेडे तर नाहीतच. तिने मला विचारलं की शेवटची सलग झोप कधी झाली. मी म्हटलं तुझ्या बाळंतपणात. मग तिने माझं मनगट धरून पाहिलं. म्हणाली हाडं हाताला लागतात. तिच्या वयाला तिने कोणाचंही मनगट धरावं, माझं सोडून. शुश्रूषागृहातली खोली तिने पाहून ठेवली आहे, खिडकी पूर्वेला आहे म्हणे. खिडकीचं कौतुक मला सांगते!

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. मला तुझ्याकडून एक पत्र हवं आहे, भाचीच्या नावाने. त्यात लिही की तू वीस वर्षं यांच्याशी खेळतो आहेस, फेब्रुवारीपासूनच्या सगळ्या चाली तू तपासल्या आहेत, आणि त्या यांच्याच डोक्यातल्या आहेत. तुझ्यावर तिचा विश्वास आहे, माझ्यावर नाही. मे संपायच्या आत पाठव.

लोभाचा पुरावा म्हणून पाठव असं समज.

तुझी
ताई


२१ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडलं. चौथं पाठवतो आहे.

आमच्या खेळात उतार म्हणजे नदीतली पायाने ओलांडता येणारी जागा. एवढंच, दुसरं काही नाही. झालं असं की दुसऱ्याच लढाईत भावजींनी लिहिलं की स्वार उतारावर उभे केले. मला वाटलं टेकडीवर. मी माझ्या टेबलावर स्वार टेकडीवर उभे केले आणि त्यांच्या टेबलावर ते नदीत होते. दोन महिने आम्ही दोन वेगळ्या लढाया खेळत होतो. उघडकीला आलं तेव्हा त्यांनी मला फोनवर गाढव म्हटलं, मी त्यांना कारकून म्हटलं आणि दिवाळखोर भाषेवर खापर फोडून तीन महिने पत्रं बंद. तुला तेव्हा वाटलं होतं की आमचं कशावरून तरी मोठं बिनसलंय. ते हेच. शेवटी त्यांनीच ठरवलं : उतार म्हणजे पाणी, टेकडीच्या अंगाला चढ म्हणायचं, वर जा नाहीतर खाली या. पुढे एकदा घरी आले असताना जिना उतरताना ते मला म्हणाले, बारक्या, चढावर सांभाळ. इतका तो शब्द त्यांच्या अंगी भिनला होता.

तेव्हा टेकडीला उतार म्हणून बोट ते ठेवणार नाहीत, ताई. आणि तो एक वजाही सोडणार नाहीत. त्याच्या जोरावर त्यांनी मला वीस वर्षं हिणवलं आहे.

तू म्हणशील तसं पत्र मी लिहीन. मला कोर्टाची भीती नाही, तुझी आहे. पण आधी मला एवढंच सांग, कधीपासून?

लोभ जसा होता तसाच आहे, हे मुद्दाम लिहितो.

तुझा
बारक्या


२ मे

चि. बारक्यास,

तुझं पत्र चार दिवस उशीखाली होतं. पहिल्यांदा वाटलं की लिहावं, एका शब्दावरून स्वर्ग गाठू नकोस. तसं लिहिलंही. मग वाचून पाहिलं. उलटतपासणीत सापडलेला माणूस कसा बोलतो ते मला चांगलं ठाऊक आहे. आवाज चढतो आणि वाक्यं लांबतात.

मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून.

फेब्रुवारीतले सहा इंच खरे होते. गीतेवर हात ठेवून सांगते. त्यानंतर आणखी दोनदा यांनी शिपाई हलवले, एकदा बरोबर आणि एकदा कुंपणीचेच. मग तुझं हत्तीचं पत्र मी वाचून दाखवलं. सुळ्याचा भागही वाचला, हसतील म्हणून. यांनी हत्तीकडे पाहिलं नाही. हात पुढे केला, एक स्वार उचलला आणि तोंडात घातला. मी बोट घालून काढला. रंग ओठांना लागला होता, लाल. मी तो पुसला, यांना परत खाटेवर घेतलं आणि टेबलाशी येऊन बसले. तुला काय लिहायचं? हे लिहायचं? मी झाडामागच्या दोन पलटणींकडे पाहिलं, आणि मला त्यांचा इतका राग आला की सगळे महिनाभर तिथेच उभे, कोणी काही करत नाही. मीच त्या पुढे ढकलल्या.

तक्ता मी खरंच केला होता. यांच्यासमोर धरायचे. बोट कुठेतरी पडायचं, पुष्कळदा पुठ्ठ्याच्या बाहेर. कधी पडलंच एखाद्या शब्दावर तर मी धरून चालायचे. तीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतलं, स्वतःचा एक शब्द मध्ये घातला नाही. आणि ज्या माणसाचं बोलणंच राहिलं नाही त्याच्या तोंडी अख्खी लढाई घातली. फाशात मात्र मी खोटं लिहिलं नाही. हसू नकोस. दोन पडला तेव्हा दोन लिहिला.

मला खेळ आवडत नाही. कधीच आवडला नाही. पण तोफ टेकडीवर चढवताना मजा आली हे कबूल करते, आणि यांच्या शेजारच्या खोलीत बसून मजा आली म्हणून नंतर दिवसभर तोंडाला चव नव्हती.

कधीकधी वाटतं की स्वार तोंडात घालणं हेही काहीतरी सांगणं असेल. कधी वाटतं की भूक असेल. मी विचारते, हे खिडकीकडे पाहतात. बायको म्हणून त्रेचाळीस वर्षं काढली, आणि आता खोलीत माणूस आहे की नाही ते मला सांगता येत नाही.

यांना शब्द दिला होता मी. घरातच ठेवीन म्हणून. लेखी नव्हता, त्यामुळे मोडायला जास्त जड जातो.

पत्राचं तुला वाटेल ते कर.

लोभ मागायला आज तोंड नाही.

ताई


१० मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

सोबत बंद न केलेलं पाकीट आहे. भाचीच्या नावाने तू मागितलं होतंस तसं पत्र आत आहे, शब्दन् शब्द, खाली सही. तुझ्या हातात ते द्यावं असं मला वाटत नाही. पण देणार नाही म्हणायचा मला अधिकार काय? भावजींना उचलतेस तू. मी इथे बसून सुळे बसवतो.

एवढंच म्हणतो. भावजी आपल्या बाजूचे शिपाई उगाच कधी मारू द्यायचे नाहीत. एखादी पलटण फार वेळ तटून राहिली की कळवायचे, मागे घेतली. मी एकदा विचारलं की जिंकत होतात, मग का? म्हणाले, दमली होती. मला वाटलं गंमत करतात, कारण शिशाची माणसं दमतील कशी? फाशात तर तसं काही नव्हतं. ते आपलं बघून ठरवायचे.

खेळायचं असलं तर तुझ्या नावाने खेळ. मला तुझ्याशी लढायला आवडेल. हरेन बहुतेक.

बायको पंधरा दिवसांसाठी येते आहे. तिने विचारलं नाही, तिकीट काढलं.

लोभाचं तू काही मागू नकोस. पाठवलाय.

तुझा
बारक्या


१९ जून

चि. बारक्यास,

अ. उ. आ., यावेळी तिन्ही अक्षरं मनापासून.

तुझी बायको गेल्यापासून घराला कुलूप लावल्यासारखं वाटतं. तिने मला पंधरा दिवसांत चार वेळा झोपवलं आणि दोन वेळा रडवलं, दोन्ही कामं न बोलता. मी तिला भांडी घासू दिली हे तू कोणाला सांगू नकोस.

पंधरा तारखेला कन्या आली. तुझं पाकीट टेबलावर होतं, शिपायांच्या मधोमध. तिने यांच्या कपाळावर हात ठेवला, मग बाहेर येऊन मला विचारलं की आई, काही मिळालं का. मिळालं का, असंच म्हणाली, जणू आम्ही दोघी काही हरवलेलं शोधत होतो. मी पाकीट उचललं. आतलं पत्र मी वाचलं आहे, चांगलं लिहिलं आहेस, खोटं असूनही एका जागी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी कपाटात ठेवलं आणि म्हटलं, नाही.

ती जिंकल्यासारखी दिसेल म्हणून मी दोन वाक्यं तयार ठेवली होती, चांगली धारदार. ती खांद्यावरची पर्सही न काढता खाली जमिनीवर बसली आणि रडायला लागली. म्हणाली की तिला वाटत होतं काहीतरी निघेल. मामाची पत्रं येतात, आई त्यांना चाली पाठवते, म्हणजे बाबा आत असणार, असं ती रोज साडेसहाला फोन लावताना स्वतःला सांगायची. मी काही तरी सापडलं म्हणेन याची ती माझ्यापेक्षा जास्त वाट पाहत होती. आणि मी पाच महिने तिला सरकारी वकील समजून बोलत होते. तयार केलेली दोन्ही वाक्यं गिळली. बरीच मोठी होती.

काल यांना नेलं. दोन दांडग्या बायका आल्या आणि मला जे करायला अर्धा तास लागतो ते त्यांनी दोन मिनिटांत केलं, यांच्या तोंडावर वेदनेची रेघही न उमटवता. ते पाहून मला काय वाटलं ते लिहीत नाही. तिथली मुख्य बाई यांना सारखं आजोबा म्हणते. मी तिला सांगितलं की हे तुमचे आजोबा नाहीत, मोजणी खात्यातले अधिकारी आहेत, आडनावाने हाक मारा. ती हो म्हणाली आणि पुन्हा आजोबाच म्हणाली. निघताना मी यांना सांगितलं की शब्द मोडते आहे, दमले. यांनी पाहिलं. कुठे, ते मी ठरवलं नाही. यापुढे यांच्या वतीने मी काही लिहिणार नाही.

तू म्हणालास तसं माझ्या नावाने मी खेळणार नाही. बारक्या, मला कोणाचीच लढाई आता लिहायची नाही. शिपाई कापडात गुंडाळून बुटांच्या खोक्यांत भरले. टेबल रिकामं झालं. त्यावर एकटीने जेवायचा प्रयत्न केला आणि ताट घेऊन ओट्याशी उभी राहिले.

दुपारी आडवी झाले ती चार तास झोपले. उठल्यावर अंग हलकं होतं. पाठ दुखत नव्हती. आणि त्या हलकेपणाचा मला इतका संताप आला की काय सांगू. कोणावर काढावा म्हणून घरभर फिरले. कन्या कामावर, हे तिथे, तुझी बायको तुझ्याकडे. अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदा मला रागवायला घरात माणूस नाही.

तेव्हा ये. खेळायला नको, समजूत काढायला तर मुळीच नको. चार दिवस समोर बस, चुकीचं काहीतरी बोल आणि मला तुझ्यावर ओरडू दे.

लोभ असावा असं या वेळी लिहीत नाही. घेऊन ये.

तुझी
ताई